दोन शब्द कमी

“मयताची बायको कोण आहे इथं?”

चार नंबरच्या काउंटरवरून हाक आली आणि बँकेतली कुजबुज एकदम बसली. वीसेक माणसं असतील. पेन्शनवाले, पासबुक छापायच्या मशीनशी झटापट करणारा कॉलेजातला एक मुलगा, कर्जाच्या टेबलासमोर मांडीवर टोपी ठेवून बसलेले दोघं. सगळ्यांनी आधी काउंटरकडे पाहिलं आणि मग एकमेकांकडे, कोण उठतंय ते. माझ्या शेजारची आई उठली. पर्स खांद्याला लावली, पदर सारखा केला आणि हजेरी द्यावी तशी म्हणाली, “मी.”

ती काउंटरपर्यंत पोचायच्या आत मी पोचले होते. पंचवीस-सव्विशीचा मुलगा, गळ्यात ओळखपत्राची निळी फीत, समोर स्टेपलर आणि अर्धा प्यालेला चहा. मी काय बोलणार आहे हे मलाही माहीत नव्हतं. तोंडून निघालं ते असं: “कसं बोलायचं हे शिकवलं नाही का तुम्हाला कुणी? घरी तरी?” त्याचे कान लाल झाले. त्याने फॉर्म उलटा फिरवून माझ्यापुढे सरकवला आणि हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, फॉर्मवर तसंच आहे.” फॉर्मवर तसंच होतं. ‘मयत खातेदाराचे नाव’. त्याखाली ‘मयताशी नाते’ आणि त्यापुढे आईच्या शाळामास्तरी अक्षरात ‘पत्नी’. त्याने आपल्या मनाने बदलला होता तो एकच शब्द, पत्नीचा बायको केला होता. आई मागून आली, दाखवील तिथे सह्या केल्या, आधार कार्डाची झेरॉक्स दिली. त्या मुलाने कागदांना एकाच जागी दोनदा स्टेपल मारलं.

रिक्षात आई खिडकीकडच्या बाजूला बसली होती. राजवाड्याच्या चौकात गाडी अडकली तेव्हा मी म्हटलं, “लक्ष नको देऊ गं.” ती म्हणाली, “कशाकडे?”

यावर मला काहीच सुचलं नाही. सुचणार तरी काय, मयत या शब्दावर तर माझं घर चालतं. गेली अकरा वर्षं मी इंग्रजी फॉर्म मराठीत आणते. विम्याचे, कर्जाचे, वारसांचे, दवाखान्यातल्या संमतीपत्रांचे. कंपनीकडून शब्दांची एक यादी येते, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी, आणि त्या यादीबाहेर पाऊल टाकायचं नसतं. नॉमिनीला ‘नामनिर्देशित व्यक्ती’, डिपेंडंटला ‘अवलंबित’, डिसीज्डला ‘मयत’. सुरुवातीच्या उत्साहात एकदा मी ‘दिवंगत’ लिहिलं होतं. ते लाल होऊन परत आलं, शेरा असा की दिवंगत हा आदरार्थी शब्द आहे, फॉर्ममध्ये आदर चालत नाही. तेव्हा हसून सगळ्यांना सांगितलं होतं मी हे. मग हात बसला. मयत, मयत, मयत. एका फॉर्मात चौदा वेळा. बदला सर्व, हे बटण दाबलं की अर्ध्या सेकंदात चौदा माणसं मयत होतात.

शब्द काही वाईट नाही तसा. अरबीतून फारसीत, तिथून आपल्या दप्तरांत, आणि सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीत तो इतका रुळलाय की गावाकडे तो जिभेवर सहज येतो. आमच्याकडे माणसं ‘मयताला’ जातात. “कालचा दिस मयतात गेला,” असं सांगणाऱ्याच्या आवाजात कोरडेपणा नसतो, उलट चार लाकडं उचलल्याचं, खांदा दिल्याचं असतं. त्याचा जोडीदार शब्दही अरबीच आहे, हयात. बाबा दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला याच बँकेत यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून. “चाललो, आहे म्हणून सही करून येतो,” म्हणायचे. बँकेच्या दारात हयात आणि मयत यांच्यामध्ये एका फॉर्माचं अंतर आहे आणि त्यातला एक फॉर्म माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलेला आहे. मग त्या मुलाचं काय चुकलं? आवाज मोठा होता, एवढंच. काचेला बोलायला ठेवलेलं भोक लहान असतं आणि पेन्शनवाल्यांना ऐकू कमी येतं.

तरी त्या रात्री झोप लागेना. मयत टोचत नव्हता. ‘घरी तरी’ टोचत होतं.

बाबा असते तर त्यांनी बोटं मिटून मोजलं असतं. बाबा पोस्ट आणि तार खात्यात होते. फलटण, कोरेगाव, कराड आणि शेवटी सातारा. १९६८ साली लागले तेव्हा तार कट्ट-कडकट्ट अशी यायची. टेबलावरच्या पितळी यंत्राचा आवाज नीट कळावा म्हणून बाबांनी त्याच्यामागे पत्र्याची एक रिकामी डबी खोचलेली असायची. मी शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बाकावर बसायची. डिंकाचा, शाईचा आणि लाखेचा वास. खिडकीशी माणूस आला की बाबा फॉर्म काढायचे, आणि नव्याण्णव वेळा शंभरात तो फॉर्म तेच भरायचे, कारण तार इंग्रजीत जायची आणि खिडकीशी आलेल्याला इंग्रजी येत नसायचं. त्याला लिहिता-वाचता येत नसलं तरी एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक असायची, की तारेत शब्दाला पैसे पडतात. पत्त्यातल्या शब्दांनासुद्धा. म्हणून माणसं येतानाच वाटेत मजकूर कातरून कातरून आणायची, आणि तरीही सांगताना तो पुन्हा वाढायचा. “रामराम लिवा. समदी खुशाल हायती म्हनावं. म्हस व्याली. पैशे मिळालं. आन् येताना धाकटीला फ्राक आना.” बाबा ऐकून घ्यायचे सगळं. मग करंगळीपासून एकेक बोट मिटत मोजायचे आणि म्हणायचे, “यातले दोन शब्द कमी करता येतील.” कुठले, ते ते सांगायचे नाहीत. त्यालाच विचारायचे. रामराम जाऊ दे की म्हैस? बहुतेक वेळा रामराम जायचा, म्हैस राहायची. फ्रॉक कुणीच कधी काढू दिला नाही.

सणासुदीला काम सोपं असायचं. दिवाळी, लग्न, परीक्षेत पास झाल्याचं अभिनंदन, अशा तयार वाक्यांना खात्याने नंबर दिलेले होते. नंबर सांगायचा, तिकडे पूर्ण वाक्य उमटायचं. लग्नसराईत बाबा वैतागायचे. अख्ख्या जिल्ह्याला एकच आशीर्वाद लागतो म्हणायचे. पण मरण कळवायला नंबर नव्हता. ते दर वेळी नव्याने लिहावं लागायचं. आणि तिथे बाबा शब्द मोजायचे नाहीत, आधी एक प्रश्न विचारायचे. “तार तिकडे कुणाच्या हातात पडणार?”

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की तो मला बाबांच्या आवाजातच आठवतो, थोडा घोगरा, मान खाली, टाक हातात. भाऊ गिरणीत असेल, खोलीवर दहा गाववाले असतील, तर तसं लिहायचं. सून एकटी असेल, पदरात तान्हं असेल, शेजारीपाजारी कोण ते माहीत नसेल, तर निराळं. पहिल्याला जायचं ‘फादर एक्स्पायर्ड’. दुसरीला जायचं ‘फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’. सीरियस म्हणजे काय हे त्या काळात लहान पोरांनाही ठाऊक होतं. तार आली म्हटल्यावर वाचायच्या आधीच रडारड सुरू व्हायची आणि पोस्टमनलाच ती उघडून वाचावी लागायची, आणि तो ‘सीरियस’ म्हणाला की रडं वाढायचं. म्हणजे ज्याच्यासाठी खोटं लिहिलं त्याला खरं कळायचंच. फक्त एक फट राहायची. बोलून कुणी दाखवत नसे, पण पिशवी भरताना, एस्टीच्या फाट्यावर उभं राहताना, त्या फटीतून कुणी म्हणू शकायचं, “सीरियसच म्हटलंय ना.” तेवढ्यावर माणूस कुर्ल्याहून कोरेगावला पोचायचा.

मी एकदा, नववी-दहावीत असेन, शहाणपणा करत विचारलं होतं की हे खोटं नाही का. सरकारी खात्यातून खोटी तार? बाबा म्हणाले, “तार मी नाही करत. तो करतो. मी स्पेलिंग बघतो.” हेही खोटंच होतं.

तार १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. आदल्या दिवशी पुण्यातल्या तारघरात लोकांनी रांगा लावून एकमेकांना आठवण म्हणून तारा केल्या. मी बाबांना फोन केला, तुम्हाला करू का एक? म्हणाले, “काय लिहिशील?” मला काही सुचेना. “मग कशाला पैसे घालवतेस,” म्हणाले. फोन ठेवला.

मागच्या श्रावणात बाबा गेले. संध्याकाळी सहाच्या सुमाराला, दवाखान्यात, तीन दिवसांच्या तापानंतर. आई खाली औषधांच्या दुकानात रांगेत उभी होती, मी खोलीत होते. दादा नागपूरला. आईला सांगण्याआधी मी दादाला फोन लावला, आणि का ते आता सांगता येत नाही. तो म्हणाला, “हां, बोल.” मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तो एकटा गाडी चालवत होता. मी म्हटलं, “दादा, बाबा सीरियस आहेत. नीघ.”

तिकडे थोडा वेळ नुसता इंडिकेटरचा टिकटिक आवाज आला. त्याने गाडी कडेला घेतली असावी. मग त्याने विचारलं, “सीरियस म्हणजे बाबांच्या भाषेत की डॉक्टरांच्या?”

तारमास्तराची मुलं आम्ही दोघं. माझ्यासमोर बाबांचे पाय पांघरुणाबाहेर आलेले होते.

“डॉक्टरांच्या,” मी म्हटलं.

तो रात्रीच्या बसने निघाला. सकाळी दहाला पोचला तेव्हा अंगणात ताटी बांधून झाली होती. त्याने चपला काढल्या, आत आला, बाबांच्या डोक्याशी बसला, कुणाशी बोलला नाही. दिवस झाल्यावर, सगळे पाहुणे गेल्यावर, आम्ही दोघं गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसलो होतो तेव्हा म्हणाला, “मेहकरच्या पुढं कुठेतरी मी बाबांचा रक्तगट आठवत होतो. बी की ओ. दोन तास तेच. लागलं तर माझं चालेल का.” मग म्हणाला, “ओ आहे ना गं?” मी हो म्हटलं. ओ होता.

त्याने मला दोष दिला नाही. पण त्यानंतर फोनवर मी काहीही सांगितलं, अगदी आईचं ब्लडप्रेशर ठीक आहे एवढं, की तो क्षणभर थांबतो. तो थांबा आधी नव्हता. बाबा विचारायचे तो प्रश्न मी विचारला होता ना, तार कुणाच्या हातात पडणार? रस्त्यात एकटा गाडी हाकणाऱ्या माणसाच्या हातात. म्हणून तर निवडला तो शब्द. पण मग त्याने तोंडावर विचारल्यावर? तारेला उलटून प्रश्न विचारता येत नाही, फोनला येतो, हा फरक माझ्या लक्षात आला नाही. बाबांच्या तारेत फट होती. मी ती बुजवली, ‘डॉक्टरांच्या’ म्हणून.

दिवस उलटल्यावर बाबांच्या लोखंडी पेटीत मोर्सच्या खुणांची एक जीर्ण वही सापडली. एका रात्री, नुसतंच, मी त्या वहीवरून दोन्ही शब्द मांडून पाहिले. इंग्रजीत दोन्हींची सात-सात अक्षरं. टिंबं आणि रेघा मिळून ठोके मोजले. सीरियसचे अठरा. एक्स्पायर्डचे पुन्हा पुन्हा मोजले, तेही अठरा. पैसे तेवढेच, अक्षरं तेवढीच, मनगटाला श्रमही तेवढेच. बाबांना हे माहीत असणारच. अख्खी नोकरी त्यांनी हे दोन शब्द ठोकले, त्या बोटांना काय कळलं नसेल! कधी बोलले मात्र नाहीत.

आईची भाषा निराळ्या टोकाची. तिच्याकडे काटकसर नाही, पण वाटा वळवून जाणं आहे. दिवा ती विझवत नाही, मालवते. निघताना ‘जाते’ म्हणणाऱ्याला ती उंबऱ्यावरून परत आत घेते. परसात साप निघाला तर ते ‘लांबडं’. कुंकू संपत नाही, वाढतं. दुकान संध्याकाळी वाढवतात, नारळ देवापुढे वाढवतात, आणि बांगडी वाढते. हे तुमच्याही घरी असणार, म्हणून यादी देत बसत नाही. पण लहानपणी मला यातलं ‘वाढणं’ फार खरं वाटायचं. पाचेक वर्षांची असेन. आईची हिरवी बांगडी धुणं आपटताना तडकली आणि ती म्हणाली, “वाढली गं बाई एक.” मी त्या काचा गोळा केल्या आणि तुळशीच्या बुंध्याशी पुरल्या. आठवडाभर रोज पाणी घातलं. शेवटी खुरप्याने उकरताना बोट कापलं तेव्हा घरात कळलं. बाबा इतके हसले की आई चिडली. रक्त थांबवायला हळद लावताना ती मला म्हणाली, “वाढते म्हणजे उगवते नव्हे गं. फुटली म्हणायचं नाही, म्हणून वाढली म्हणायचं.” का म्हणायचं नाही, हे काही तिने सांगितलं नाही, आणि मला ते पुढची चाळीस वर्षं विचारावंसं वाटलं नाही.

ते कळलं त्या सकाळी. बाबांना नेल्यावर बायका आईभोवती बसल्या होत्या. एक लांबच्या नात्यातल्या काकू, वयाने सगळ्यांत मोठ्या, आयुष्यात कधी बांगडी फुटली न म्हटलेल्या, पाटा मागायला लागल्या. “आता त्या फोडायला लागतील गं,” त्या म्हणाल्या. म्हणजे हा शब्द घरात होताच. या एका दिवसासाठी तो सगळ्यांनी जन्मभर जपून ठेवला होता, बाकी कुठे खर्चला नव्हता. मला घशाशी आलं. मी काही बोलायच्या आत आईच बोलली. आवाज चढवला नाही. “माझ्या मी वाढवीन. वाढवायच्या होतील तेव्हा.” काकू बघत राहिल्या. पाटा स्वयंपाकघरातच राहिला. आईच्या हातात अजून चार-चार आहेत.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये या सगळ्यावर बंदीचा ठराव केला, कुंकू पुसण्यावर, बांगड्या फोडण्यावर, जोडवी-मंगळसूत्र काढून घेण्यावर. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. आईने ते पेपरात वाचलं होतं तेव्हा, बाबा समोर चहा पीत होते. वाचून तिने पान उलटलं. नंतर एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या मंत्र्यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ शब्द वापरावा का, याचा प्रस्ताव करायला आपल्या विभागाला सांगितलं. मोठी ओरड झाली, मग निर्णय झालेला नाही असा खुलासा आला. हा शब्द काही नवा नव्हता. जुन्या पत्रिकांत, वतनाच्या कागदांत ‘गं. भा.’ ढिगाने सापडतात. माझ्या पणजीच्या नावामागे आहे. पणजीला कोणत्या खोलीत राहावं लागायचं, कुठल्या कार्याला पुढं यायची बंदी होती, हे आजी सांगायची. नावात दोन नद्या आणि घरात माजघराच्या पुढे पाऊल नाही. त्या बातमीवर मात्र आई बोलली होती. “त्यापेक्षा विधवा बरं,” म्हणाली. बाबा म्हणाले, “एक शब्दही कमी आहे.” दोघंही हसले. त्या हसण्याचा आता मला त्रास होतो आणि ते आठवावंसंही वाटतं.

मला गोड शब्दांचा राग आहे असं नाही. दिवा मालवणं मला आवडतं. माझ्या मुलीलाही मी उंबऱ्यावर अडवून ‘येते म्हण’ म्हणते, आणि ती डोळे फिरवून ‘येते’ म्हणते. पण फॉर्म करताना रोज मला दिसतं की शब्द गुळगुळीत करणं किती सोपं झालंय. माणसं कामावरून काढतात त्याचं ‘मनुष्यबळाचे सुसूत्रीकरण’ मीच केलंय, चांगले पैसे घेऊन. कर्ज नाकारलं हे सांगायला ‘आपला अर्ज या टप्प्यावर विचारात घेता येत नाही’. या वाक्याच्या समोर बसलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिलेला नाही. तार कुणाच्या हातात पडणार, हे विचारायला कुणी खिडकीशी उभंच नसतं. यादी येते, यादी जाते. त्यापेक्षा चार नंबरच्या काउंटरवरचा तो मुलगा निदान काचेतून माणसांकडे बघून ओरडला होता.

बँकेतल्या त्या दिवसानंतर आठवड्याने असेल, मी आणि आई शेंगा सोलत बसलो होतो. मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, त्या दिवशी फार लागलं ना तुला? आईने सोललेल्या शेंगेतले दाणे आधी परातीत टाकले. मग म्हणाली, “तुला काय झालं होतं एवढं त्या पोराला बोलायला?”

“अगं, मयताची बायको म्हणाला तो. चारचौघांत.”

“बायकोच म्हणाला ना.” तिने पुढची शेंग घेतली. “हे गेल्यापासून मी सगळ्यांची काकू झाले, आजी झाले. कागदावर श्रीमती. तो वकील पण मला मातोश्री म्हणतो. ह्यांची बायको म्हणून कुणी हाक मारली नव्हती. मला उठावंसं वाटलं.” थोड्या वेळाने म्हणाली, “घरी तरी, कशाला म्हणालीस गं? घरचं काय काढायचं?”

परातीत नुसता दाण्यांचा आवाज. म्हणजे तिनेही नेमकं तेच उचललं होतं.

पुढच्या महिन्यात नवीन पासबुक घ्यायला जायचं होतं. पुण्याहून साताऱ्याला येताना बसमध्ये मी वाक्य जुळवत होते. त्या दिवशी मी तुमच्याशी फार वाईट बोलले, माझं मन ठिकाणावर नव्हतं, माफ करा. बोटांवर मोजलं, तेरा शब्द. खंबाटकीचा घाट येईपर्यंत त्यातलं ‘माझं मन ठिकाणावर नव्हतं’ काढून टाकलं, कारण ते त्याच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. चार गेले. मग ‘फार’ नको वाटलं. ‘माफ करा’ ठेवलं तर समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं, आणि तो काउंटर सोडून जाऊ शकत नाही. तेही काढलं.

चार नंबरला तोच होता. आईला बघून अर्धा उठला. “या काकू,” म्हणाला, आणि मग माझ्याकडे नजर गेल्यावर अडखळला. ड्रॉवरमधून नवीन पासबुक काढलं, उघडलं, आणि त्याला काहीतरी सांगायचं होतं पण शब्द सापडत नव्हता हे मला दिसलं. “ते... तुमच्या मिस्टरांचं... म्हणजे सरांचं...” थांबला. घोट गिळला. “काकांचं नाव कमी केलंय यातून.” रेशनकार्डावर म्हणतात तसं. दुसरं काय म्हणणार? नाव कमीच करतात. एवढ्या मेहनतीने मी गेल्या कित्येक दिवसांत कुणाला बोलताना पाहिलं नव्हतं, आणि ती मेहनत मी त्याच्यावर लादली होती.

“त्या दिवशी मी वाईट बोलले,” मी म्हटलं.

“कधी?” तो म्हणाला. विसरला होता की विसरल्याचं दाखवत होता, कळलं नाही. मागच्या आजोबांनी आपली स्लिप पुढे सरकवली.

आई पासबुक घेऊन बाकावर जाऊन बसली होती. जुनं आणि नवं, दोन्हींची पहिली पानं तिने मांडीवर शेजारी शेजारी उघडून ठेवली. जुन्यावर दोन नावं, वरती बाबांचं पूर्ण, त्याखाली तिचं. नव्यावर एकच ओळ. चष्मा वर सरकवून तिने जुन्या पानावरच्या वरच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि मग उजव्या हाताची करंगळी मिटली, तिच्या शेजारचं मिटलं, मधलं मिटलं.